कण्याची शल्यविद्या आणि जव्हार-मोखाड्याची पाठ

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यावा, हा उपाय महाराष्ट्रात ज्याला ठाऊक नाही असा गृहस्थ विरळा. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. त्याने हळूच लाथ मारावी आणि दुखणेकऱ्याने दोन-चार दिवसांत वखारीत किंवा वावरात कामाला लागावे, असा अनुभव कित्येकजण शपथेवर सांगतात. त्यांना खोटे ठरविण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. माणूस खरोखरच बरा होतो. वादाचा मुद्दा एवढाच की, तो लाथेने बरा होतो की लाथ मारली नसती तरी झाला असता? पाठदुखीच्या शास्त्राचा गेल्या दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेले तर तो याच एका प्रश्नाभोवती फिरताना आढळतो. आणि हा प्रश्न पायाळूला जितका लागू आहे तितकाच मुंबईच्या शल्यविशारदालाही लागू आहे, ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवलेली बरी.

हा विषय जव्हारला कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पाठीच्या कण्याला या मुलखात जितके काम पडते तितके थोड्याच ठिकाणी पडत असेल. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ हा तर सारा चढ-उताराचाच प्रदेश. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून भाताची आवणी करायची, ती दिवसच्या दिवस. वरकस उतारावर नाचणी-वरी लावायची, तीही वाकूनच. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि तेथे ओल्या मातीचे, कच्च्या विटांचे ओझे वाहतात. याआधीच्या पिढ्यांची पाठ तर दुसऱ्याच्याच मालकीची होती. जमीनदाराची गवताची आणि लाकडाची ओझी वेठीने वाहणारे वारली १९४५ साली तलासरी-डहाणूकडे कसे उभे राहिले, हे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात वाचावयास मिळते. ताठ उभे राहणे हा शब्दप्रयोग तेथे अलंकार म्हणून आलेला नाही.

आणि पाणी. पावसाळ्यात येथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि चैत्र लागला की कित्येक पाड्यांच्या विहिरी तळ दाखवू लागतात. मग बायका दोन हंडे एकावर एक ठेवून दरीतून चढ चढतात. पंधरा लिटरच्या एका हंड्यातील नुसत्या पाण्याचेच वजन पंधरा किलो भरते, हंड्याचे वेगळे. याच वैतरणेवर मोडकसागर १९५७ साली पुरा झाला, आणि मोखाडे तालुक्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ साली मुंबईच्या सेवेत आले. तोच साल पालघर जिल्हा जन्मास येण्याचा. मुंबईकराच्या नळाला येणाऱ्या पाण्यातील मोठा वाटा आमच्याच डोंगरांतून जातो, तेव्हा मुंबईच्या रुग्णालयात या डोंगरांतील पाठी आणि माना तपासल्या जाव्यात यात कोणी उपकार मानण्याजोगे फारसे नाही, असे आमचे प्रांजळ मत आहे.

आता इतिहासाकडे वळू. इजिप्तमध्ये सापडलेली एक जुनी वैद्यकीय पोथी आहे; तिला एडविन स्मिथ याच्या नावाने ओळखतात. पोथी इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराची, मजकूर त्याहूनही जुना असावा. तीत ४८ रुग्णांची वर्णने आहेत. मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे लक्षण तीत असे दिले आहे की, त्याला हातापायांचे भान राहत नाही आणि लघवी नकळत झिरपते. आणि पुढे निवाडा दिला आहे की हा आजार उपचार करण्यापैकी नव्हे. तो वैद्य निर्दय नव्हता; तो प्रामाणिक होता.

आपल्याकडे सुश्रुताने अस्थिभंगाच्या प्रकरणात पाठीचा कणा व कटीचा भाग मोडला असता रुग्णाला 'कपाटशयन' सांगितले आहे. कपाट म्हणजे दाराची फळी. फळीवर निजवायचे आणि हलू नये म्हणून बाजूंना खुंट्या ठोकून बांधायचे. चरकाने वातव्याधींत 'गृध्रसी' सांगितली, म्हणजे कमरेतून निघून मांडी, पोटरी, पाऊल अशी उतरत जाणारी कळ, जिच्यायोगे माणूस गिधाडासारखा चालतो. निरीक्षण उत्तम आहे. मात्र यावरून आमच्या पूर्वजांना मणक्यांमधील गादीची शस्त्रक्रिया ठाऊक होती असे जे कोणी व्यासपीठावरून ठोकून देतात, त्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची इच्छा नाही. सुश्रुताची जी गोष्ट खरी आहे तीच पुरेशी मोठी आहे, आणि ती आजही येथे उपयोगी पडण्यासारखी आहे.

ती कशी, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. राबासाठी झाडावर चढून टहाळ तोडताना, मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, माणूस खाली पडतो. पाड्यापर्यंत रस्ता नसतो. मग चार माणसे घोंगडी किंवा धोतर बांबूला बांधून झोळी करतात, जखमीला तीत घालतात आणि डांबरी सडकेपर्यंत धावत नेतात. त्यांच्या माणुसकीला तोड नाही. पण झोळीत माणूस कसा राहतो? धनुष्यासारखा वाकलेला. मणका मोडला असेल आणि आतील मज्जारज्जू अद्याप शाबूत असेल, तर प्रत्येक पावलागणिक मोडलेले हाड त्या रज्जूवर दाबले जाण्याचा धोका असतो. झाडाखाली ज्याचे पाय हलत होते त्याचे पाय रुग्णालयाच्या दारात लुळे पडलेले असावेत, असे याच रीतीने घडू शकते. मेंदूचा आणि मज्जारज्जूचा तुटलेला तंतू पुन्हा सांधला जात नाही. जगातील कोणत्याही शल्यविशारदाला ती विद्या अजून साधलेली नाही. म्हणून झोळीऐवजी घराच्या दाराची फळी काढावी, शिडी घ्यावी, फळ्यांची खाट असेल तर ती घ्यावी. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदमच त्याला उचलून फळीवर ठेवावे, मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावाव्यात आणि कपाळ व कंबर फळीला बांधावी. पाणी पाजण्यासाठी उठवून बसवू नये. हे म्हणजे कपाटशयनच झाले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे असो की आजचे असो, तत्त्व तेच.

युरोपात पाठीच्या दुखण्याचा शोध संथपणे चालला. नेपल्सच्या कोतुन्यो याने १७६४ साली गृध्रसीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही कळ सांध्याची नसून मज्जातंतूची आहे हे दाखविले. लंडनच्या पर्सिव्हल पॉट याने १७७९ साली पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडण्याच्या रोगाचे वर्णन केले. तो रोग कण्याचा क्षय होय. पण क्षयाचा जंतू कॉखला सापडावयास १८८२ साल उजाडावे लागले. हा रोग आमच्या प्रदेशाला परका नाही. जेथे अन्न अपुरे तेथे क्षय, आणि १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव साऱ्या देशाला कोणत्या कारणाने माहीत करून दिले ते सांगावयास नको. पूर्वी कण्याच्या क्षयाला वर्षानुवर्षे प्लास्टरमध्ये निजवून ठेवीत. स्ट्रेप्टोमायसिन व त्यानंतरची औषधे आल्यावर चित्र पालटले. कोरियात झालेल्या चाचण्यांत १९७३च्या सुमारास असे दिसून आले की, नियमित औषध घेणाऱ्याला महिनोन्महिने अंथरुणावर खिळवून ठेवण्याने काही अधिक लाभ होत नाही. आपल्या देशात बनारसच्या डॉ. तुली यांनी मध्यम मार्ग सांगितला : सर्वांना औषध, आणि ज्याचे पाय औषधाने सुधारत नाहीत किंवा ज्याचा कणा ढासळतो आहे त्यालाच शस्त्रक्रिया. गरीब देशातील शास्त्रज्ञाने श्रीमंत देशांना शिकविण्यासारखे काही दिले, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

कण्यावर शस्त्र चालविण्याचे धाडस १८८७ साली लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली याने केले. मज्जारज्जूवर दाबणारी गाठ त्याने काढली आणि असह्य वेदनांनी गांजलेला, पाय गेलेला तो रोगी पुन्हा चालू लागला. १८९५ साली राँटगेनचे किरण आले. तरीही सर्वसाधारण कंबरदुखीचे आणि गृध्रसीचे कारण पुढची चाळीस वर्षे अंधारातच राहिले. मणक्यांमध्ये ज्या २३ गाद्या असतात त्यांपैकी एखादीचा मऊ गर बाहेर येऊन तंतूच्या मुळावर दाबतो, ही गोष्ट बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली प्रसिद्ध केली. मिक्स्टर मेंदू-मज्जेचा शल्यविशारद, बार हाडांचा. तोवर काढलेल्या अशा तुकड्यांना लोक कूर्चेच्या गाठी समजत असत. पुढे १९६०च्या दशकात स्वीडनच्या नाखेमसन याने जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून तेथील दाब मोजला. निजलेल्या माणसात तो सर्वांत कमी, उभ्यात अधिक, आणि पुढे वाकून ओझे धरल्यास फारच अधिक. आवणी करणाऱ्या बाईला हे सांगावे तर ती हसेल. तिला ते सुईवाचून ठाऊक आहे.

भारतात मेंदू आणि मज्जेच्या शल्यविद्येचा स्वतंत्र विभाग प्रथम वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली उघडला. मुंबईत त्यानंतर थोड्याच काळात जे. जे. रुग्णालयात डॉ. राम गिंडे आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी ही विद्या रुजविली. त्या पहिल्या पिढीचे बहुतेक आयुष्य मेंदूतील गाठी आणि अपघात यांतच गेले. कण्याकडे, विशेषतः कंबरदुखीकडे, ज्यांनी आपले आयुष्य लावले त्यांत डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव मराठी माणसाला सर्वांत परिचित आहे.

रामाणी गोव्याचे, फोंड्याकडील वाडी-तळावली या खेड्यातले. जन्म १९३८ सालचा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. वैद्यकीय शिक्षण मुंबईस, आणि पुढील शिक्षण इंग्लंडात न्यूकॅसल येथे. तेथील त्यांच्या अभ्यासाचा विषय मोठा मार्मिक होता. गादी सरकलेल्या रुग्णांच्या कमरेच्या मणक्यांतील हाडांची नळी त्यांनी क्ष-किरणांच्या छायाचित्रांवर मोजली आणि १९७६ साली ते काम प्रसिद्ध केले. अर्थ असा की, दोन माणसांची गादी सारखीच सरकली तरी ज्याची नळी उपजत अरुंद त्याचा तंतू चेपला जातो, रुंद नळीच्या माणसाचा निभावून जातो. आजार गादीत असतो तितकाच जागेच्या टंचाईतही असतो, ही गोष्ट मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडत नसेल!

परत आल्यावर त्यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या गोरगरिबांच्या रुग्णालयात, काम केले. होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड याने १९५३ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती : खराब गादी पाठीच्या बाजूने काढायची आणि नुसती पोकळी न ठेवता त्या जागी हाडाचे तुकडे ठोकून वरचा आणि खालचा मणका एकजीव करायचा. गादी काढलेल्या कित्येकांची कंबर पुन्हा दुखू लागते, कारण मधला आधार गेलेला असतो. त्यावर हा तोडगा. काम कठीण, रक्तस्राव फार, म्हणून पुष्कळांनी ते सोडून दिले होते. रामाणींनी ते क्लोवर्डच्या पद्धतीने आत्मसात केले आणि भारतात रूढ केले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'ताठ कणा' असे नाव दिले, ते यथार्थच आहे.

परंतु येथेच पायाळूचा प्रश्न पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर याने गादी सरकलेले १२६ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना शस्त्रक्रिया, काहींना विश्रांती-व्यायाम अशी वाटणी केली आणि तब्बल दहा वर्षे त्यांच्या मागावर राहिला. १९८३ साली त्याने निकाल सांगितला. एका वर्षाअखेर शस्त्रक्रियावाले निश्चित अधिक सुखी होते. चौथ्या वर्षी दोन्ही गटांत फरक म्हणावा असा उरला नाही. म्हणजे शस्त्राने काळ वाचला. पण दुसऱ्या गटालाही काळाने बऱ्याच अंशी तेच दिले. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ धडधाकट माणसांची चुंबकीय छायाचित्रे काढली, तर ५२ टक्के लोकांत एकातरी ठिकाणी गादी फुगलेली आढळली. तेव्हा छायाचित्रात गादी फुगलेली दिसली, म्हणून घरचे बैल विकून शस्त्रक्रियेला पैसे उभे करावयास धावू नये. दुखणे, तपासणी आणि छायाचित्र या तिघांची साक्ष जुळली तरच शस्त्राचा विचार.

आणि जे दुखणे महिने-वर्षे टिकते त्याचे काय? देकार्तच्या १६६४ साली छापलेल्या ग्रंथात वेदनेचे वर्णन देवळातील घंटेच्या दोरीसारखे आहे : पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. मग दोरी कापली की काम झाले! १९१२ साली फिलाडेल्फियाच्या स्पिलर आणि मार्टिन यांनी मज्जारज्जूतील वेदना वाहणारा भाग खरोखरच कापला, आणि मरणासन्न कर्करोग्यांना पुढे या शस्त्रक्रियेने दिलासाही मिळाला. पण कित्येकांची वेदना काही महिन्यांनी परत आली. उलट पाय कापून टाकलेल्या शिपायाला नसलेला पाय दुखतो, हे वायर मिचेलने अमेरिकन यादवी युद्धानंतर लिहून ठेवलेच होते. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाला भयंकर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक वेदनाशामक नको म्हणताना आढळले. युद्धातून जिवंत सुटलो याचाच त्यांना आनंद. दोरी होती, पण घंटा वाजत नव्हती.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी याचा मेळ घातला. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे तंतू ते लोटून घेतात, आणि वरून मेंदूही ते उघडतो वा लावतो. आपटलेला गुडघा आई चोळते तेव्हा ती फाटक लोटत असते. दोनच वर्षांनी, १९६७ साली, शीली या शल्यविशारदाने दोरी कापण्याऐवजी मज्जारज्जूच्या पाठीमागील भागाला विजेची मंद उत्तेजना देऊन वेदना शमविली. फाटकाच्या मूळ आराखड्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण जुनाट वेदना हा स्वतंत्र आजार आहे, त्यात चिंता, झोप, कर्ज, कामाची सक्ती यांचाही हात असतो, ही दृष्टी तेव्हापासून आली. २०२० साली जगात कंबरदुखीचे सुमारे ६१ कोटी ९० लाख रुग्ण असल्याचा अंदाज आहे. एवढ्या सगळ्यांना शस्त्र लावणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. चालते-फिरते राहणे, पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणे, यांनी त्यांतील बहुतेकांचे भागते.

शेवटी मानेविषयी. केनियातील बायका डोक्यावर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके ओझे जादा शक्ती न खर्चता नेतात, असे १९८६ साली प्रयोगाने दिसून आले. आमच्या पाणवठ्यावरच्या बायकांची ती डौलदार चाल पाहून कवी लोक कविता करतात. पण ऱ्होडेशियातील लेव्ही या मज्जाशल्यविशारदाने १९६८ साली डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेच्या इजांचे वर्णन करून त्यांना 'हमालाची मान' असे नाव दिले. माना झिजतात, आणि ओझ्यासकट पाय घसरला तर मोडतातही.

मानेतील पहिला मणका कवटी तोलून धरतो आणि दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. आपण मान हलवून 'नाही' म्हणतो ते याच सांध्यात. तो सैल झाला तर मेंदूच्या देठावरच दाब येतो. पूर्वी तो तारेने बांधीत. तार तुटे, रोगी महिनोन्महिने जखडलेला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. अतुल गोयल यांनी सहकाऱ्यासह १९९४ साली अशी पद्धत प्रसिद्ध केली की, दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या जाड भागांत स्क्रू बसवायचे आणि ते धातूच्या पट्टीने जोडायचे. मेंदूला रक्त नेणारी रोहिणी तेथून दोराइतक्या अंतरावरून जाते; म्हणून हे काम करावयास कोणी धजत नव्हते. २००१ साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडा वापरला आणि आज जगभर हे तंत्र गोयल-हार्म्स या जोडनावाने चालते. गोयल यांनी पुढे मानेच्या इतर अनेक विकारांचे मूळही सांध्याच्या सैलपणातच आहे असे मत मांडले. त्यावर मतभेद आहेत, आणि ते असावेत. परंतु १९२६ साली परळला उभ्या राहिलेल्या महापालिकेच्या रुग्णालयात, जमिनीवर चटया टाकून रुग्ण निजवावे लागतात अशा गर्दीत, हे काम घडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जव्हारहून नाशिक ऐंशी किलोमीटर आणि मुंबई दीडशेच्या आसपास. साध्या उसणीसाठी एवढे जाण्याचे कारण नाही. चार-सहा आठवडे वाट पाहता येते. पण कंबरदुखीबरोबर पाय लुळावू लागला, लघवी तुंबली किंवा आपोआप होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर तासांचा हिशेब असतो. त्याच दिवशी पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठून डॉक्टरांना हीच लक्षणे, याच शब्दांत, सांगावीत. हातपाय जड होऊन बोटांनी गुंडी लावता येईनाशी झाली तर मान तपासून घ्यावी. आणि ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर आधी क्षयाची तपासणी.